जिभेला आधी घरचं माप दे

जेवणाला अजून दोन आठवडे आहेत आणि तू आतापासून दिवस मोजते आहेस, हे ऐकून मला फार बरं वाटलं. ही उत्सुकता दाबून ठेवू नकोस, तिला कामाला लाव. मुंबईतल्या मोठ्या हॉटेलात सात कोर्सचं जेवण, आणि त्यात काय, तर सोलकढी, थालीपीठ, मेतकूट-भात, पिठलं-भाकरी, वरणभात, ताकभात आणि शेवटी खरवस. तापातून उठल्यावर, परीक्षा संपवून आल्यावर, पावसात भिजून घरी पोचल्यावर आपण आईकडे जे मागतो, ते सगळं एका रात्री एकेक करून समोर येणार. माझं नोकरीचं सारं आयुष्य हॉटेलच्या भटारखान्यात गेलं. अशी जेवणं आखताना, पाठवताना आणि पुढे पाहुणी म्हणून जेवताना जे समजलं, ते तुला सांगून ठेवते. यातलं निम्म्याहून अधिक मलाही माझ्या वरिष्ठांनीच कानात सांगितलेलं आहे.

सगळ्यांत आधी हे कर. त्या यादीतला प्रत्येक पदार्थ जाण्याआधी एकदा घरी खा. साधा, नेहमीच्या पद्धतीचा आणि एकटा. तू म्हणशील, वरणभात काय मी आज पहिल्यांदा खाणार आहे? पण रोज खातो म्हणूनच आपण तो चाखत नाही. पानात लोणचं असतं, पापड असतो, समोर टीव्ही असतो, आणि वरण त्या सगळ्याच्या मागे कुठेतरी असतं. मग हॉटेलात तोच पदार्थ समोर आला की जीभ मोजमापासाठी थेट लहानपणात धावते. लहानपणच्या आठवणीत आजी असते, सुट्टी असते, भूक असते. तिच्यापुढे कुठलाही आचारी जिंकू शकत नाही, आणि त्याला तिच्याशी झुंजवणं योग्यही नाही. म्हणून जिभेला ताजं माप दे. चार दिवसांपूर्वी खाल्लेलं वरण जिभेला नीट सांगता येतं, वीस वर्षांपूर्वीचं नाही.

हे कसं करायचं तेही सांगते. एका संध्याकाळी एकच पदार्थ. ताईला, म्हणजे तुझ्या आईला, सांग, गोडं वरण तिच्या हातचं नेहमीचं कर: तूरडाळ, हळद, हिंग, मीठ, गुळाचा खडा, बस्स. त्यावर घरचं तूप, आणि लिंबू बाजूला. पहिले दोन घास लिंबाशिवाय खा. डाळ रवीनं घोटलेली आहे की मिक्सरमधून काढलेली, हे बघ. मिक्सरमधली डाळ गुळगुळीत दिसते, पण जिभेला चिकट लागते. रवीनं घोटलेल्या डाळीत बारीक दाणेदारपणा राहतो आणि भात तो धरून ठेवतो. मग हिंग शोध. चांगल्या वरणात हिंग समोर येऊन बोलत नाही, घास गिळल्यावर नाकाच्या मागच्या बाजूला जाणवतो. दुकानात मिळणारा बहुतेक हिंग पीठ आणि डिंक मिसळून बांधलेला असतो. खरा हिंग म्हणजे एका झाडाच्या मुळातून पाझरणारी राळ, आणि ती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या अफगाणिस्तान, इराणकडून येते. भारतात त्याची लागवड व्हावी म्हणून २०२० च्या ऑक्टोबरात हिमाचलातल्या लाहौलमध्ये पहिली रोपं लावली गेली. म्हणजे आपल्या सगळ्यांत घरगुती वाटणाऱ्या वाटीतला सगळ्यांत मोठा वास हजारो किलोमीटरवरून आलेला असतो. हे माहीत झाल्यावर वरण वेगळ्या लक्षानं खाल्लं जातं, हा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या दिवशी भात. तुझ्याकडे कोलम असतो, तो ठेव बाजूला आणि आंबेमोहोर आण, निदान अर्धा किलो. मुळशीच्या आंबेमोहोराला आणि आजऱ्याच्या घनसाळला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, दोन्ही मुद्दाम मागून घेण्यासारखे. आंबेमोहोर मिळाला नाही तर इंद्रायणी चालेल. तो आंबेमोहोराच्याच घराण्यातला. मऊ भात करायचा असेल तर पाणी हात राखून घालू नकोस. मेतकूट मात्र चांगलं मिळव. हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ, गहू प्रत्येक वेगळं भाजलेलं असलं पाहिजे, कारण प्रत्येकाला आच वेगळी लागते. एकत्र भाजलं की उडीद करपतो आणि गहू कच्चा राहतो, आणि तो कच्चेपणा तुपातही लपत नाही. मेतकूट-भात हा मला सगळ्या यादीतला सगळ्यांत अवघड पदार्थ वाटतो. त्यात लपायला जागाच नाही.

पिठलं आणि भाकरी एकाच दिवशी कर, पण पिठलं गॅसवरून उतरवल्यावर लगेच एक घास खा आणि पाच मिनिटांनी दुसरा. उतरवलेलं पिठलं पातळसर, रसरशीत असतं. निवत गेलं की घट्ट होतं आणि वर पापुद्रा धरतं. दोन्ही चवी ओळखून ठेव, त्याचं कारण पुढे येईलच. भाकरीचंही तसंच. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून उकळत्या पाण्यात पीठ मळावं लागतं, त्यानं ते धरून राहतं. तव्यावरून उतरलेली भाकरी मऊ असते आणि थोड्याच वेळात कडक व्हायला लागते. सोलापूरकडे तीच मुद्दाम कडक करून शेंगाच्या चटणीबरोबर खातात, तो वेगळा आनंद. पण तुझ्या यादीत पिठल्याबरोबर ती मऊच हवी.

सोलकढी करताना कोकमाचं आगळ वापरायचं आणि नारळाचं दूध गार असतानाच मिसळायचं. गरम केलीस तर फाटते. जमलं तर लसूण घातलेली आणि न घातलेली, दोन्ही चाख. गोव्याकडच्या आणि मालवणकडच्या माणसांत यावरून वाद होतात, त्यात तू पडू नकोस. थालीपीठ भाजणीचं आणि लोण्याबरोबर. मधल्या भोकातून सोडलेलं तेल कडेपर्यंत पोचलं की कड कुरकुरीत आणि मध्य मऊ होतो; हा फरक लक्षात ठेव. खरवसासाठी चीक मिळवणं शहरात कठीण, तो सोडून दे. ताकभात तर तू झोपेतही कालवशील.

एवढं केलंस की तू त्या रात्री हातात एक खरं माप घेऊन बसशील. हे माप शेफची चूक काढण्यासाठी मुळीच नाही. त्यानं कुठे काय केलं, काय राखलं, काय बदललं, हे तुला दिसावं यासाठी आहे. माप नसेल तर तुला फक्त दोनच गोष्टी म्हणता येतील, ‘छान होतं’ किंवा ‘आईसारखं नव्हतं’, आणि दोन्हींतून तुझ्या पदरात काहीच पडत नाही.

याच आठवड्यात एक पथ्य पाळ. त्या हॉटेलातल्या पदार्थांचे फोटो आणि रील बघू नकोस. पदार्थांची नावं वाच, ती पाठ झाली तरी चालतील, पण रूप बघू नकोस. डोळ्यांनी आधीच जेवून घेतलं की जिभेला उरलंसुरलं मिळतं.

आता ताई काय म्हणेल तेही मला ठाऊक आहे: घरचंच खायचं तर हॉटेलात एवढे पैसे कशाला? तिला दुखवू नकोस, पण तुझ्या मनात उत्तर स्पष्ट असू दे. १९८० च्या दशकात पॅरिसमध्ये जोएल रोबुशाँ या शेफनं आपल्या उंची रेस्टॉरंटात उकडलेल्या बटाट्याचा कुस्करा वाढला. त्यानं सांगितलेल्या कृतीत एक किलो बटाट्याला पाव किलो लोणी आहे. पण गंमत लोण्यापेक्षा कष्टांत आहे: लहान बटाटे सालीसकट उकडायचे, गरम असतानाच सोलायचे, चाळणीतून काढायचे, विस्तवावर हलवत त्यातली वाफ घालवायची, मग गार लोणी थोडं थोडं घोटत घालायचं. फ्रान्समधल्या प्रत्येक घरात होणारा पदार्थ, आणि लोक त्याच्यासाठी जगभरातून यायचे.

आणि आपल्या घरचं उदाहरण फ्लॉइड कार्डोझ यांचं. मुंबईत वाढलेला, मूळचा गोव्याकडचा माणूस. न्यूयॉर्कमध्ये ‘तबला’ नावाच्या रेस्टॉरंटचे शेफ म्हणून ते नावारूपाला आले. २०११ मध्ये अमेरिकेतल्या ‘टॉप शेफ मास्टर्स’ या स्पर्धेच्या अंतिम फेरीत, मोठमोठ्या शेफच्या पंक्तीत, त्यांनी उपमा केला! रानअळंबी घातलेला रव्याचा उपमा, त्यात कोकम आणि नारळाचं दूध. आणि ते जिंकले. पुढे २०१५ मध्ये मुंबईत लोअर परळला त्यांनी भागीदारांबरोबर ‘द बॉम्बे कँटीन’ सुरू केलं आणि घरोघरचे, गल्लोगल्लीचे पदार्थ मानानं टेबलावर आणले. २०२० च्या मार्चमध्ये करोनानं ते गेले. मी भटारखान्यात काम करत होते तेव्हा मोठ्या हॉटेलात आपलं जेवण म्हणजे ‘महाराष्ट्रीय फूड फेस्टिव्हल’च्या आठवड्यापुरतं, तेही नऊवारी आणि फेट्याच्या सजावटीसकट. एरवी वरणभात मिळायचा तो आम्हा कामगारांच्या जेवणात. तो आता बाहेरच्या खोलीत, पांढऱ्या टेबलक्लॉथवर वाढला जातो आहे, याचा मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही. ताईला हे सांग. जमलं तर तिलाच बरोबर ने.

पैसा कुठे गेला, हे ओळखायची खूण त्या बटाट्याच्या गोष्टीतच आहे. चांगला शेफ पैसा आणि वेळ मूळ पदार्थात घालतो: तांदूळ कुठला, डाळ किती वेळ मुरली, तूप कशाचं, लोणी कधी काढलं. जो कच्चा असतो तो वरून घालतो. वरणावर ट्रफलचं तेल दिसलं तर समजून जा. बाजारातल्या बहुतेक ट्रफल तेलात ट्रफल नसतोच, त्याच्या वासाचं रसायन असतं, आणि ते हिंगावर असं बसतं की हिंग संपतो. वर सोन्याचा वर्ख लावलेला असेल तर तो खाऊन टाक, त्याला चव नसते, त्यानं बिघडतही काही नाही. पण त्यासाठी मनातल्या मनात एकही गुण देऊ नकोस.

आता व्यवहाराचं. आधी कालनिर्णय काढ आणि ती तारीख बघ. एकादशी आहे का, संकष्टी आहे का? संकष्टी असली तर ताई चंद्रोदयाशिवाय घास घेणार नाही, आणि तिकडे साडेसातला पहिला कोर्स येणार. तारीख बदलायची असेल तर ती आताच बदलून घे. अशा जेवणांना पैसे बहुधा आधी भरून घेतात आणि शेवटच्या दिवसांत परत देत नाहीत. ती अट नीट वाच.

मग हॉटेलला फोन कर. आदल्या दिवशी करू नकोस, आठवडाभर आधी कर. शेंगदाणा चालत नाही, दूध पचत नाही, मधुमेह आहे, कांदा-लसूण नको, ताईला कडक चावत नाही, हे सगळं तेव्हाच सांग. सात कोर्सच्या जेवणात प्रत्येक ताट मोजून आखलेलं असतं; ऐन वेळी सांगितलं तर आचारी फक्त तो जिन्नस काढून टाकू शकतो, त्याच्या जागी दुसरा चांगला देऊ शकत नाही. आठवडा मिळाला तर तो तुझ्यासाठी वेगळा पदार्थ उभा करतो आणि खरं सांगते, आनंदानं करतो.

त्याच फोनवर दराचं विचार: माणशी सांगितलेल्या आकड्यात कर धरलेला आहे का? स्वतंत्र रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के लागतो. पण ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटला तो १८ टक्के असतो. चार माणसांच्या बिलात हा फरक चांगलाच जाणवतो. सर्व्हिस चार्जबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की तो आपणहून बिलात घालता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. बिलात दिसला तर शांतपणे काढायला सांग. आणि वाढणाऱ्या मुलानं मनापासून वाढलं असेल तर तुझ्या इच्छेनं त्याच्या हातात बक्षिसी दे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात आणि दोन्ही योग्य आहेत.

त्या दिवशी उपाशी राहू नकोस. संध्याकाळच्या जेवणासाठी दुपार कोरडी ठेवायची, ही चुकीची समजूत आहे. कडकडून भूक लागलेली असली की पहिले दोन कोर्स तू गिळशील आणि तिसऱ्यापासून चाखायला लागशील. तोपर्यंत सोलकढी आणि थालीपीठ हातचे गेलेले असतात. दुपारी एकच्या सुमारास नेहमीपेक्षा थोडं कमी, कमी तिखट जेव. चारला केळं किंवा दोन बिस्किटं. पाचनंतर चहा नको. पान, सुपारी, पुदिन्याची गोळी काही नको. निघताना दात घासायची सवय असेल तर ती त्या दिवशी तासभर तरी आधी उरक. टूथपेस्टमधल्या फेसाच्या द्रव्यानं काही वेळ गोड दबतं आणि आंबट कडवट लागतं. ब्रश करून संत्रं खाल्लं असशील तर तुला माहीतच आहे. आणि पहिला कोर्स सोलकढी आहे हे विसरू नकोस.

अत्तर, सेंट लावू नकोस. जावईबापूंनाही सांग. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा सेंट आपल्या मेतकुटावर येऊन बसतो, हे मी किती वेळा सोसलं आहे. तू नेसणार आहेस पैठणी, तर गजरा हवाच वाटेल; मोगरा, जुई, चमेली तिन्ही टाळ आणि अबोलीचा माळ. अबोलीला वास नसतो, रंग मात्र पैठणीवर खुलतो.

टेबलावर बसल्यावरची सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेग. घरी वरणभाताचा डोंगर असतो, तो आत गरम राहतो. इथे दोन चमचे भात मोठ्या बशीत येतो आणि वरून एसीचा वारा. तूप जरा गार झालं की गोठायला लागतं, म्हणजे थंड बशीत ते तुझ्या डोळ्यांदेखत पांढरं पडतं. पिठल्याचे दोन घास ओळखून ठेव म्हटलं होतं ते यासाठी: बशीतलं पिठलं मिनिटभरात त्या दुसऱ्या घासाकडे निघालेलं असतं. बशी टेबलाला टेकली की पहिला घास घे. फोटो काढायचाच असेल तर एक काढ, उभ्या उभ्या दहा काढू नकोस. स्वयंपाकघरात तो पदार्थ ज्या क्षणी बाहेर पाठवायचा म्हणून आचारी घड्याळ लावून उभा असतो, त्या क्षणाचा मान ठेव. बशी गार आली असेल तर वाढणाऱ्याला हळूच सांग, पुढची बशी गरम करून द्याल का? चांगल्या ठिकाणी याचा राग येत नाही.

पाणी कोमट माग. तुपाच्या पदार्थानंतर बर्फाचं पाणी प्यायलीस तर तूप टाळ्यावर थिजतं आणि पुढच्या दोन कोर्सची चव त्या थराखाली जाते. थालीपिठाबरोबर ठेचा असेल आणि झोंबला, तर पाण्यावर पाणी पिऊ नकोस. मिरचीतलं झोंबणारं द्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. एक चमचा लोणी किंवा दही पुरे.

हातानं जेव. विचारत बसू नकोस, उठून हात धुऊन ये आणि कालवायला घे. काट्या-चमच्यानं वरणभात खाल्ला तर वरण एका बाजूला आणि भात एका बाजूला राहतो. बोटांना घासाचा गरमपणा तोंडाआधी कळतो. आणि तू हातानं जेवायला लागलीस की आजूबाजूची दोन टेबलं चमचे खाली ठेवतात, हे मी पाहिलेलं आहे.

एवढंसंच देतात म्हणून कुरकुर करू नकोस. एकाच पदार्थाचे घास पोटात जात राहिले की त्याच पदार्थाची गोडी उतरत जाते, दुसऱ्याची मात्र टिकून राहते. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हे प्रयोगांनी दाखवलं. आपल्या बायकांना ते पंगतीत वाढून वाढून आधीच कळलेलं होतं. पंगत आठव: आधी वरणभात, लिंबू, तूप, मग मसालेभात, मग पोळी आणि गोडधोड, शेवटी ताकभात. भात तीनदा येतो आणि तिन्हीदा वेगळा असतो. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर जिभेला मधूनमधून जागं करायला. ज्यानं हा तुझा मेन्यू आखला, त्यानं ताकभात शेवटाकडे ठेवला आहे, म्हणजे त्याला पंगत माहीत आहे. त्यानं पिठल्यानंतर वरणभात का ठेवला, हे मात्र मला कागदावर पटलं नाही; तिखट खमंगानंतर गोडं वरण फिकं वाटण्याची भीती आहे. तिथे तो काय करतो ते माझ्यासाठी नीट बघ. मधे काही आंबट देतो का, लिंबू वाढवतो का, की वरणच जरा जोरदार करतो?

पहिल्या चार कोर्समध्ये पाव, चिप्स, तळणी असं वरचं काही दिलं तर एखादा तुकडा चाख आणि बाकी राहू दे. तुपा-लोण्याचे सात पदार्थ दोन-तीन तासांत पोटात जायचे आहेत. ताकभातापर्यंत जागा ठेव. तो न खाता उठलेले पाहुणे पाहिले की मला अजूनही हळहळ वाटते.

ताई आली असेल तर तिला मध्ये बसव, टोकाला नको. ती पहिल्याच घासाला ‘हे तर आपण घरी करतो’ म्हणेल. तिला गप्प करू नकोस. उलट विचार, ‘आई, तू यात काय वेगळं केलं असतंस?’ आणि मग ऐक. सांगते तुला, तिनं आयुष्यभर रोज जे केलं त्याबद्दल तिला कोणी प्रश्न विचारलेला नाही. ती हिंग कधी घालते, गूळ कधी, डाळ किती वेळ भिजवते, हे तुला त्या टेबलावर कळेल, कारण समोर दुसऱ्या कोणाचं तरी वरण आहे आणि तुलनेला धरायला काहीतरी मिळालं आहे. वही नको, पण फोनमध्ये लिहून घे. १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली तेव्हा वाटीच्या मापानं साऱ्या महाराष्ट्राच्या स्वयंपाकाला एक हिशोब मिळाला. ताईचा हिशोब अजून कुठेच लिहिलेला नाही.

शेवटी शेफ बहुधा टेबलापाशी येतो आणि विचारतो, कसं वाटलं. तिथे ‘अप्रतिम’ म्हणून सोडू नकोस. ते तो रात्रीतून प्रत्येक टेबलावर ऐकतो. एक नेमकी गोष्ट सांग: पिठल्यात बेसन कुठेही कच्चं लागलं नाही, किंवा मेतकुटातला गहू छान भाजलेला होता, किंवा भाकरी जरा उशिरा आली आणि वाळली. अशा जेवणातली रुपयाएवढी भाकरी तर फारच लवकर वाळते, ते तो जाणतोच. पण कोणाच्या तरी लक्षात आलं, याचं त्याला बरं वाटेल. मग एक प्रश्न विचार, एकच: तांदूळ कुठला आणि कोणाकडून घेतला? चांगल्या आचाऱ्याला या प्रश्नाचा जेवढा आनंद होतो तेवढा स्तुतीचा होत नाही. त्यानं शेतकऱ्याचं नाव आणि गाव सांगितलं तर लिहून घे आणि मला कळव. या वर्षी आमच्याकडे आंबेमोहोर चांगला मिळालेला नाही, तिथून मागवता येईल.

आणि उठण्याआधी, जमलं तर, आत भाकऱ्या थापणारी कोण आहे ते विचार. बहुतेक ठिकाणी शेफचं नाव मेन्यूवर छापलेलं असतं आणि भाकरीसाठी मात्र एखादी मावशी मुद्दाम बोलावलेली असते, दिवसभर तव्यापाशी उभी. तिला बाहेर बोलवा म्हणून सांग. तिला टेबलाशी उभी न ठेवता तू उठून पुढे जा, आणि ताईला तिच्याशी बोलू दे.